दाह आणि अपस्मार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे. मेंदूतल्या दाहामुळे फिट येतात असं वाचलं. मग दाह कमी करणारी आयबुप्रोफेनसारखी गोळी रोज दिली तर?

उत्तर : देऊ नका. वाचलंत ते खोटं नाही, पण हा दाह सुजलेल्या गुडघ्यासारखा नसतो. मेंदूत मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट नावाच्या राखणदार पेशी असतात. इजा झाली, जंतुसंसर्ग झाला किंवा नुसती मोठी फिट येऊन गेली, तरी त्या इंटरल्युकिन-१ बीटासारखी रसायनं सोडतात. त्यामुळे चेतापेशींत कॅल्शियम जास्त शिरतं आणि त्या थोडक्या कारणानेही पेटतात. दुसरीकडे रक्त आणि मेंदू यांमधला अडसर सैल होतो, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन आत झिरपतं आणि ॲस्ट्रोसाइट पेशी पोटॅशियम उपसण्याच्या कामात मागे पडतात. बाहेर साचलेलं पोटॅशियम चेतापेशींना आणखी चेतवतं. म्हणजे दाहाने फिट आणि फिटने पुन्हा दाह.

आयबुप्रोफेन अडवतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाची दाहाची वेगळी रसायनं तयार होणं. इंटरल्युकिनची वाट मोकळीच राहते. रोज घेतल्याने फिट थांबतात असा पुरावा नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र होऊ शकतो. ॲस्पिरिन तर मुलाला परस्पर देऊच नका. त्याने रक्तातलं मोकळं, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं व्हॅल्प्रोएट वाढतं, आणि या वयात रे सिंड्रोम या यकृत आणि मेंदूवर घाला घालणाऱ्या आजाराचा धोका वेगळाच.

प्रश्न : सीआरपी (दाहाची रक्ततपासणी) नॉर्मल आला, म्हणजे मेंदूत दाह नाही ना?

उत्तर : तसं म्हणता येत नाही. सीआरपी यकृतात तयार होतो. मेंदूपुरत्या दाहाची त्याला बरेचदा खबरही नसते.

प्रश्न : आई ६२ वर्षांची. दोन महिन्यांपासून दिवसातून वीस-पंचवीस वेळा चेहऱ्याची एक बाजू आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो. विसरभोळेपणा वाढलाय, सोडियम कमी आहे. ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींची तपासणी), एमआरआय ठीक. फिटच्या दोन औषधांनी फरक नाही.

उत्तर : या महिन्यातला सर्वांत तातडीचा प्रश्न हाच. दोन-तीन सेकंदांचे, दिवसात अनेकदा येणारे, चेहरा आणि हात एकत्र ओढणारे झटके, सोबत विस्मरण आणि कमी सोडियम : हे चित्र एलजीआय-१ प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीजच्या) मेंदूदाहाशी जुळतं. इथे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या एलजीआय-१ या प्रथिनावर उलटते. ईईजी आणि एमआरआय सुरुवातीला निर्दोष असू शकतात, म्हणून ते रिपोर्ट पाहून निश्चिंत होऊ नका.

झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टना दाखवा. रक्त आणि पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी, दोन्हींत प्रतिपिंडं तपासावीत. एलजीआय-१ची प्रतिपिंडं पाण्यापेक्षा रक्तात जास्त वेळा सापडतात. नमुना इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) देण्याआधी किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव) बदलण्याआधीच घ्यायला हवा, नंतरचा निकाल फसवा ठरू शकतो.

उपचार दाहावरचाच. सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस, आणि पुढे स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने हळूहळू उतरवत. सुरू करण्याआधी संसर्ग नाही याची खात्री करतात. साखर आणि रक्तदाब पुढेही मोजावे लागतात. झटके थांबले म्हणून गोळ्या मध्येच सोडणं ही नेहमीची चूक, त्याने आजार उलटू शकतो. उशीर झाला तर स्मरणशक्तीचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही, त्यामुळे लक्षणं ठळक असतील तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत. आणखी एक : कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन सोडियम आणखी खाली नेतात. दोनपैकी एखादं चालू असेल तर ते आवर्जून सांगा, पण स्वतः बंद करू नका.

प्रश्न : अपस्मार आहे. सर्दी-ताप आला की फिट येतेच. काय सांभाळावं?

उत्तर : तापात फिटचा उंबरठा खाली येतो, त्यात झोपमोड होते आणि उलटीत गोळी बाहेर जाते. उलटी झाल्यास डोस पुन्हा घ्यायचा का आणि किती वेळात, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पॅरासिटामॉलने अंगदुखी कमी होईल. फिट टळेलच असं नाही. अँटिबायोटिक लिहून देणाऱ्याला फिटच्या औषधाचं नाव सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनने कार्बामाझेपिनची पातळी वाढून चक्कर आणि दुहेरी दिसणं सुरू होऊ शकतं, सिप्रोफ्लॉक्सासिन फिटला निमंत्रण देऊ शकतं. फिट ५ मिनिटांवर गेली, की घरी लिहून दिलेलं तातडीचं औषध द्यावं आणि रुग्णवाहिका बोलवावी.