टॅपला उत्तर देणारा आवाज

प्रश्न : मी आणि माझा मित्र मोबाइलसाठी रिदम गेम, म्हणजे गाण्याच्या तालावर पडद्यावरच्या खुणांनुसार टॅप करण्याचा खेळ, तयार करतो आहोत. १५० बीपीएमच्या (मिनिटाला १५० ठोक्यांच्या) गाण्यावरच्या लेव्हलमधल्या सगळ्या खुणा तालाशी काटेकोर जुळवल्या आहेत आणि प्रत्येक खुणेवर एक ‘टिक’ आपोआप वाजते. तरी खेळून पाहणारे ‘हात लयीत बसत नाही’ असेच म्हणतात. गाणे चालू असताना या वेगळ्या आवाजाची गरज आहे का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : गरज आहेच, मात्र तो आवाज लेव्हलने नव्हे, खेळणाऱ्याच्या बोटाने वाजला पाहिजे. तबल्याची पुडी, म्हणजे वरचे ताणलेले चामडे, बोटाला उलट जोर देते, मोबाइलची काच देत नाही. त्यामुळे आपला ठोका कुठे पडला हे कळायला कानाखेरीज भरवशाचे साधन उरत नाही. तुमची टिक आपोआप वेळेवर वाजत असल्यामुळे बोट ५० मिलिसेकंद मागे राहिले तरी कानाला सगळे बरोबरच वाटते, आणि चूक कळते ती थेट गुण कापले गेल्यावर. १९९७ च्या ‘बीटमेनिया’ या रिदम गेममध्ये कळ दाबली की गाण्यातलाच एक तुकडा वाजत असे आणि २००५ च्या ‘गिटार हीरो’त स्वर हुकला की गिटार गप्प होत असे, हा मार्ग मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो.

सगळ्या खुणांना एकच टिकही देऊ नका. तीनतालात दहाव्या मात्रेपासून ‘तिं तिं ता, ता’ येते, डग्ग्याची घुमारी थांबते आणि मात्रा न मोजताही ‘खाली’ (तालाचा डग्ग्याविना वाजणारा भाग) ओळखू येते. अवघड ओळीच्या आधी तुमच्याही आवाजाचा पोत असा बदलला, तर हात आपोआप सावध होईल. आवाज मात्र तोकडा आणि टोकदार हवा, कारण या लयीत पाव ठोका १०० मिलिसेकंदांचाच असतो.

खेळून पाहणाऱ्यांनी ब्लूटूथ हेडफोन लावले होते का, हेही विचारा. मुठेच्या पात्रात ढोल पथकाचा सराव ३४ मीटरांवरून पाहिला, तर टिपरू (ढोल वाजवायची काठी) पडताना आधी दिसते आणि ठोका सुमारे १०० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. ब्लूटूथवर तेवढा, पुष्कळदा त्याहून अधिक उशीर होतो. सेटिंगमध्ये वेळेची जुळवणी दिली की गाणे आणि खुणा एकत्र येतील, पण टॅपचा आवाज उशिराच पोचेल. अशा खेळणाऱ्यांना तो बंद करून फोनचे व्हायब्रेशन निवडता येईल अशी सोय ठेवा, आणि लेव्हलची खरी चाचणी वायरच्या हेडफोनवरच घ्या.