दुबईत आठवडाभर गोल्फ : पहिल्यांदा जाताना कोर्स कसे निवडाल?

सात दिवसांत सात राउंड (एक राउंड म्हणजे 18 होलचा पूर्ण खेळ) आखू नका. चार पुरेत, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. मुंबईहून विमान तीन-साडेतीन तासांचं असलं तरी पहिला दिवस मोकळाच ठेवा.

सुरुवात सोप्या कोर्सने करा. मुंबईत चेंबूरच्या कोर्सवर खेळणाऱ्याला झाडांमधून चेंडू काढायची सवय असते; इथे फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) सुटला की थेट वाळू आणि काटेरी झुडपं. अरेबियन रँचेस किंवा एल्स क्लब असे खरे वाळवंटी कोर्स म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या दिवशी घ्या. एमिरेट्स गोल्फ क्लबचा मजलिस कोर्स (1988 चा) चुकवू नका, महाग असला तरी.

टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, निवडताना अहंकार बाजूला ठेवा. स्कोअरकार्डावरचं एकूण अंतर बघून भागत नाही; टीपासून गवत सुरू होईपर्यंत किती यार्ड हवेतून पार करायचे, ते क्लबला विचारा. तुमचा ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारणाऱ्या काठीचा) फटका हवेत 160 यार्ड जात असेल आणि पल्ला 150 चा असेल, तर समोरच्या वाऱ्यात चेंडू वाळूतच जाणार. पुढची टी घ्या. मोकळी वाळू नियमाने बंकर (कोर्सवर मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा) नसते, तिथे फटक्याआधी काठी जमिनीला टेकवता येते. पण स्थानिक नियम आधी वाचा.

नोव्हेंबर ते मार्च हवा उत्तम. डिसेंबरात साडेपाचला सूर्यास्त होतो, त्यामुळे दुपारी बारानंतरची वेळ घेतलीत तर शेवटचे होल अंधारात जातील. ऑक्टोबरात जाणार असाल तर हिवाळी गवताची पेरणी कधी आहे, हे पैसे भरण्याआधी विचारा. त्या काळात काही कोर्स बंद असतात.