जुजुराणाच्या जंगलात जाण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सोबतचा आराखडा दोनदा वाचला. हिमाचल प्रदेशातल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात गुशैनीहून शिरायचे, तीर्थन नदीच्या उगमापर्यंत जायचे, पाचव्या दिवशी खाली उतरायचे आणि त्याच रात्री दिल्लीची बस पकडायची, असे तू ठरवले आहेस. उत्साह मला आवडला, आराखडा आवडला नाही. ज्या वाटेला माहीतगार माणसे आठवडाभर देतात ती तू पाच दिवसांत बसवली आहेस, आणि त्यासाठी लागणारा वेळ नेमका तिथून काढला आहेस जिथे तो खर्च करायला हवा होता. माझे ऐकशील तर उगमाचा नाद या खेपेला सोड. गुशैनी आणि त्यापुढचे रोला, शिल्ट हे दोन मुक्काम एवढेच ठेव आणि शिल्टला किमान दोन रात्री राहा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजितीने सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीही असाच एक कागद खिशात घालून गेलो होतो. रोज किती किलोमीटर झाले याचा हिशेब मी रात्री विजेरीच्या उजेडात वहीत मांडत असे, आणि चौथ्या दिवशी कपाळावर हातोडी पडावी तशी डोकेदुखी घेऊन तंबूत आडवा झालो. परत आल्यावर घरच्यांनी विचारले, काय पाहिलेस? तेव्हा वाटाड्याच्या टाचा आणि त्याच्या बुटांचे तळ यांपलीकडे फारसे सांगण्यासारखे काही नव्हते. ती वही अजून माझ्याजवळ आहे. तीत आकडे आहेत, एकही पक्षी नाही.

तुला सह्याद्रीची सवय आहे आणि तीच इथे आड येते. आपल्याकडे पहाटे पायथा सोडला की दुपारपर्यंत माथा गाठायचा आणि अंधार पडायच्या आत गावात परतायचे, असा शिरस्ता असतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरांवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातला सह्याद्री ज्या उंचीला संपतो साधारण त्याच उंचीवर गुशैनी हे नदीकाठचे गाव आहे आणि तुझी वाट तिथून सुरू होते. तीन हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. पाय कितीही तयार असले तरी रक्ताला त्या हवेची ओळख व्हायला दिवस लागतात, आणि तरुण वयाचा किंवा व्यायामाचा तिथे काही वशिला चालत नाही. त्या उंचीनंतर मुक्कामाची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा सर्वसाधारण नियम आहे. डोके दुखू लागले, अन्न नकोसे झाले तर वर चढायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचे. याबाबत वाटाड्याशी वाद घालू नकोस.

औटला उतरून बंजारमार्गे गुशैनीला पोचशील. अनुमतीपत्र साई रोपा येथे उद्यानाच्या कार्यालयातून आधीच घ्यावे लागते, आणि वाटाड्या त्याच खोऱ्यातला घ्यावा, शहरातून सोबत नेऊ नये. गुशैनीपुढे तीर्थनच्या काठाने पायवाट जाते. उद्यानाच्या आत मोटाररस्ता नाही, ही त्याची मोठी श्रीमंती आहे. रोलापर्यंतचा दिवस सोपा आहे. नदी सतत सोबत असते आणि तिच्या आवाजात माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. त्यामुळे शांततेची अपेक्षा घेऊन आलेला माणूस पहिल्या दिवशी थोडा फसल्यासारखा होतो.

दुसऱ्या दिवशी वाट नदी सोडते. शिल्टपर्यंतची चढण एका दिवसात जवळपास हजार मीटर उंची वाढवते, म्हणून ती अगदी सावकाश चढ आणि चढता चढता झाडांकडे लक्ष दे, कारण उंची तुला घड्याळापेक्षा झाडे अधिक चांगली सांगतील. आधी देवदार आणि कैल हा पाइन, मग ओकचे प्रकार, त्यातला खरसू सर्वांत वर, मग उंच काळसर फर, आणि जिच्या वर झाडे वाढत नाहीत त्या वृक्षरेषेच्या जवळ सालीचे पापुद्रे सुटलेला भोजपत्र. हजार मीटरांमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि या एका कारणाने एका दिवसाच्या चालीत जंगलाची ही सारी पाने उलटली जातात. नदीचा आवाज कुठल्याशा वळणावर मागे राहतो. नेमक्या त्या वळणावर थांब. पाणी पी, पाठीवरची पिशवी उतरव, आणि पाच मिनिटे कोणाशीही बोलू नकोस.

आता दोन रात्री राहण्याचे खरे कारण सांगतो. या जंगलात जुजुराणा राहतो, पश्चिमी ट्रॅगोपॅन. तो २००७ पासून हिमाचल प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. जुजुराणा म्हणजे पक्ष्यांचा राजा, आणि प्रत्येक पक्ष्याने आपले एकेक पीस देऊन त्याला घडवला, अशी तिथे कथा सांगतात. तो अतिशय लाजरा आहे. बांबूच्या झुडपांत वावरतो आणि माणसाची चाहूल लागताच नाहीसा होतो. माझ्या दुसऱ्या खेपेला, मे महिन्यात, पहाटे वाटाड्याने मला हलवून उठवले आणि ओठांवर बोट ठेवले. खालच्या दरीतून तान्हे मूल रडावे तसा, किंवा करडू हरवावे तसा आवाज आला. थांबला. पुन्हा आला, थोडा डावीकडून. मी पक्षी पाहिला नाही, आजवर पाहिलेला नाही. पण थंडीने बधिर झालेल्या बोटांनी पांघरूण धरून मी तो आवाज उजाडेपर्यंत ऐकत राहिलो, आणि आदल्या खेपेचे सगळे किलोमीटर त्यात फिटले. त्यानंतर ऊन कुरणावर पोचले तेव्हा एक मोनाल पक्षी चोचीने माती उकरत कंद शोधत होता; डोके हिरवे, पाठ जांभळी, आणि उडाला तेव्हा पाठीवरचा पांढरा पट्टा क्षणभर चमकला. असे काही पाहायला मिळेलच याची हमी मी देत नाही. पहिल्याच पहाटे तंबू गुंडाळून निघालास तर मिळणार नाही, एवढे मात्र नक्की सांगतो.

ऋतूविषयी थोडक्यात. मे-जून किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत जा. पावसाळ्यात जाऊ नकोस. २०२३ च्या जुलैमध्ये कुल्लूच्या नद्यांनी रस्ते आणि पूल कसे नेले ते सर्वांनी पाहिले आहे. बर्फ वितळण्याच्या दिवसांत ओढ्यांचे पाणी दुपारनंतर वाढते, तेव्हा ओढा ओलांडायचा असेल तर सकाळी ओलांड. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घामाने भिजला की वाळत नाही. नवे बूट घालून तर मुळीच जाऊ नकोस. चुलीसाठी लाकूड तोडायचे नाही, इंधन सोबत न्यायचे, आणि नेलेला प्रत्येक कागद परत आणायचा. तू लिहितोस की सोबत आठ मित्र येणार आहेत. ती संख्या मला जास्त वाटते, आणि त्यांतला जो मित्र गाणी वाजवायचा डबा घेऊन फिरतो त्याला त्या डब्यासकट घरी ठेव.

शेवटी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली आणि तुला जाण्यापूर्वी ठाऊक असावी असे वाटते. आपण त्या उद्यानाला निर्जन म्हणतो, पण ती निर्जनता निसर्गाने दिलेली नाही. वरच्या कुरणांना तिथे थाच म्हणतात. पिढ्यान् पिढ्या खालच्या गावांतली माणसे उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन त्या थाचांवर जात, गुच्छी नावाची रानअळंबी आणि औषधी मुळे गोळा करीत, आणि त्यावर वर्षाची गुजराण होई. १९८४ मध्ये उद्यानाचा इरादा जाहीर झाला, १९९९ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, आणि उद्यानाच्या ७५४ चौरस किलोमीटरांतले ते हक्क संपले. काहींना भरपाई मिळाली, काही पुढे वाटाडे आणि हमाल झाले. २०१४ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतले. जुजुराणासाठी आणि हिमबिबट्यासाठी ते जंगल राखले गेले याचा मला आनंद आहे, ते राखायलाच हवे होते असे माझे मत आहे. पण ज्या शांततेसाठी आपण इतक्या दूर जातो तिची किंमत आपण भरलेली नाही, दुसऱ्या कोणी भरली आहे.

माझा वाटाड्या त्यांतलाच एक होता. शिल्टच्या वर, रखुंडीच्या वाटेवर, एका थाचावर तो वाट सोडून डावीकडे वळला. गवतात तीन दगड होते, धुराने काळे पडलेले, आणि त्यांतला एक कलंडला होता. त्याने तो उचलून पुन्हा जागेवर बसवला, हात विजारीला पुसले आणि म्हणाला की, ही माझ्या आजोबांची चूल. मग थोड्या वेळाने त्याने मला विचारले, तुमच्याकडच्या डोंगरांवर मेंढ्या अजून जातात का? जातात, असे मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि आम्ही पुढे निघालो.

तूही वाटाड्याला विचार, तो लहानपणी कोणत्या थाचावर जात असे. चढणीवर विचारू नकोस, संध्याकाळी चहाच्या वेळी विचार. आणि गवतात असे काळे दगड दिसले तर तंबू त्यांच्यापासून जरा दूर लाव.

नवा आराखडा पाठव. कळावे.