वाचकांचे प्रश्न : चाक, फेरे आणि अंतर

प्रश्न : माझी मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करत आहे. ‘७० सेंटिमीटर व्यासाचे चाक ११ किलोमीटर अंतर जाताना किती फेरे घेईल?’ अशा उदाहरणांत सूत्र पाठ असूनही तिचे उत्तर चुकते. हे तिला कसे समजवावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : सूत्र तूर्त बाजूला ठेवावे. डब्याच्या गोल झाकणाच्या कडेवर शाईचा एक ठिपका द्यावा आणि झाकण उभे धरून कागदावर न घसरू देता सरळ फिरवत न्यावे. कागदावर उमटलेल्या लागोपाठच्या दोन ठशांमधले अंतर आणि झाकणाभोवती दोरा गुंडाळून मोजलेला परीघ सारखाच भरतो. एका फेऱ्यात चाक आपल्या परिघाइतके पुढे जाते, एवढे तिने डोळ्यांनी पाहिले की उरतो तो केवळ भागाकार.

आपल्या उदाहरणात परीघ २२/७ × ७० म्हणजे २२० सेंटिमीटर येतो. ११ किलोमीटर म्हणजे ११,००,००० सेंटिमीटर. त्याला २२० ने भागल्यास ५,००० फेरे मिळतात. चुका बहुधा दोनच ठिकाणी होतात. व्यासाऐवजी त्रिज्या घेतली तर उत्तर दुप्पट, म्हणजे १०,००० येते. अंतराचे मीटर केले आणि परीघ सेंटिमीटरमध्येच ठेवला, तर ५० येते. पण ५० फेऱ्यांत ११ किलोमीटर जाणाऱ्या चाकाचा परीघ २२० मीटर असावा लागेल! उत्तर लिहिल्यावर असा अदमास घेण्याची सवय मला सूत्राच्या पाठांतरापेक्षा अधिक मोलाची वाटते.

व्यास ७०, ८४ किंवा ६३ असाच का दिलेला असतो, तर २२/७ मधल्या सातने भाग सुटावा म्हणून. हे गुणोत्तर स्थूल आहे, हे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘लीलावती’त स्पष्ट सांगितले आहे, सूक्ष्म परिघासाठी त्यांनी ३९२७/१२५० दिले आणि २२/७ व्यवहाराला योग्य ठरवले. आपल्या ५,००० फेऱ्यांत या स्थूलतेमुळे पडणारा फरक सुमारे साडेचार मीटरांचा आहे. मात्र उदाहरणात ३.१४ घ्या असे म्हटले असेल, तर तेच घ्यावे.

दोन चाकांची उदाहरणे लघुतम साधारण विभाज्याने झटपट सुटतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा परीघ २.५ मीटर आणि मागच्याचा ४ मीटर असेल, तर दर २० मीटरला पुढचे ८ आणि मागचे ५ फेरे घेते, म्हणजे फरक ३ फेऱ्यांचा. पुढच्या चाकाने ३०० फेरे जास्त घेतले असतील, तर अंतर २ किलोमीटर.

प्रश्न : माझ्या सायकलचे मीटर १० किलोमीटरला १०.२४ दाखवते. ते बिघडले आहे का?
— एक सायकलस्वार, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. स्पोकवरच्या चुंबकाने चालणारे मीटर केवळ फेरे मोजते आणि आपण भरलेल्या परिघाने त्यांना गुणते. खरा परीघ २०५ सेंटिमीटर असताना २१० भरला, तर नेमका एवढाच फरक पडतो. टायरवर छापलेल्या मापावर विसंबू नये, कारण स्वाराच्या वजनाने टायर खाली दबतो. नेहमीइतकी हवा भरून, व्हॉल्व्ह जमिनीलगत आणून तिथे खडूने खूण करावी, सायकलवर बसून सरळ रेषेत चाकाचे पाच फेरे होऊ द्यावेत आणि मोजलेल्या अंतराला पाचने भागून येणारा आकडा मीटरमध्ये भरावा.