गुत्ता नव्हे, भट्टीच!

प्रश्न नागपुरातल्याच एका तरुण अनुवादकाचा आहे. फ्रेंच लेखक एमिल झोलाची ‘लासोम्वार’ ही कादंबरी तो मराठीत आणतो आहे. पॅरिसच्या कामगार वस्तीतली धोबीण जेर्वेझ, छपरांना जस्ताचे पत्रे मारणारा तिचा नवरा कूपो, आणि दोघांनाही गिळून टाकणारी दारू. कादंबरीचं नाव पडलंय ते तिच्यातल्या दारूच्या दुकानावरून. अनुवादकाने शीर्षक ‘भट्टी’ ठेवलं होतं. एका जाणत्या संपादकाने ते खोडून ‘गुत्ता’ केलं आणि शेरा मारला : भट्टीत दारू गाळतात, विकतात तो गुत्ता, दुकानाला भट्टी म्हणणं ही विदर्भातली चूक. यात बरोबर कोण, आणि भट्टीचं अनेकवचन कसं लिहायचं, असं त्याने विचारलंय.

चूक! हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की आता चीड येते. नागपूरच्या पाचपावलीत, इंदोऱ्यात पाटी असते ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’. त्या पाटीवरचं अक्षरही कुणी बोलत नाही. ऑटोवाला विचारतो, ‘भट्टीपाशी उतरता का जी?’ दारातली बाई सांगते, ‘सकाळपासून भट्टीवर बसून राहिला तो.’ आत एक थेंबही गाळला जात नाही, तरी ती भट्टीच. सबंध शहर पिढ्यान्‌पिढ्या जो शब्द वापरतं तो चूक कसा ठरतो, हे त्या संपादकांनी सांगावं.

आधी त्यांचा गुत्ता तपासू. कन्नडात गुत्तिगे, तेलुगूत गुत्त म्हणजे मक्ता, कंत्राट. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणारा आजही गुत्तेदार असतो. दारूविक्रीचा मक्ता ज्याने रीतसर घेतला त्याचं दुकान म्हणजे गुत्ता. आणि बातम्यांत रोज काय वाचायचं, तर ‘अवैध गुत्त्यावर धाड’! अवैध असेल तर तो गुत्ता कसला? उत्तरेकडच्या ‘ठेक्या’ची गोष्टही हीच. म्हणजे दक्षिणेनं आणि उत्तरेनं दुकानाला नाव दिलं ते सरकारी कागदावरून. मधल्या नागपूरनं दिलं विस्तवावरून.

हे कसं झालं असेल? माझा तर्क असा. इंग्रजी अमलात मध्य प्रांताच्या बऱ्याच भागांत आउटस्टिलची पद्धत होती. ठेकेदार गावात स्वतःची भट्टी लावायचा, मोहाची गाळायचा आणि तिथंच विकायचा. गाळणं आणि विकणं एकाच छपराखाली. पुढे गाळणं कारखान्यात गेलं, दुकान राहिलं, आणि दुकानाला भट्टी हे नाव चिकटून राहिलं. मग ही चूक कुठली? ही तर शब्दाने जपलेली आठवण आहे.

आता मूळ. चुन्याची, विटांची भट्टी सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडा. भ्रज्ज् म्हणजे भाजणे; त्यावरून भ्राष्ट्र, भाजायचं भांडं; प्राकृतात भट्ठ, त्याची आपली भट्टी. भडभुंज्यातला ‘भड’ही त्याच घरचा. भाजण्यापासून निघालेला हा शब्द पुढे किती धंद्यांत शिरला ते पाहा. परटाची भट्टी, लोहाराची भट्टी, दारूची भट्टी. आणि आता कादंबरी उघडा. जेर्वेझ धोबीण. पहिल्याच प्रकरणात वाफेने भरलेल्या धुण्याच्या कारखान्यात ती मोगरी उचलून व्हर्जिनी नावाच्या बाईला बडवून काढते. तिच्यावर जीव लावणारा गूजे लोहारकामातला. भट्टीपुढे घण घालून तो तिच्यासमोर बोल्ट घडवतो, ते पान मी कितीदा वाचलं असेन. आणि शेवटी कोलोंबचं दारूचं दुकान. तीन भट्ट्या, आणि तिघींच्या मधून जाणारं एका बाईचं आयुष्य! फ्रेंच शीर्षकातही ही सोय नाही. ती मराठीनं आयती दिली आणि संपादकांनी लाल शाईनं खोडली.

त्यांचा मुख्य आक्षेप तर मूळ पुस्तकातच निकालात निघतो. कोलोंबच्या दुकानावर लांबलचक निळ्या अक्षरांत एकच शब्द रंगवलेला आहे, ‘दिस्तिलासियाँ’. म्हणजे गाळप. दुकानाच्या मागच्या अंगाला, कठड्यापलीकडे, तांब्याचं गाळपयंत्र गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत चालू असतं, आणि जेर्वेझ त्याच्याकडे बघत उभी राहते. गाळणं, विकणं, पिणं एकाच जागी. याला आम्ही भट्टी म्हणतो.

शीर्षकातल्या ‘आसोम्वार’चा (आधीचा ‘ल’ हे नुसतं फ्रेंच उपपद) शब्दशः अर्थ मात्र वेगळा आहे, हे मान्य. आसोमे म्हणजे डोक्यात घाव घालून आडवं करणं. जनावर पाडायच्या सोट्यालाही तोच शब्द, आणि बोलीत स्वस्त दारूच्या दुकानालाही. त्याचं मूळ झोपेच्या ‘सोम्नुस’शी जोडणारे आहेत आणि ओझ्याशी जोडणारेही. मी पहिल्या पक्षात, कारण लॅटिन सोम्नुस आणि आपलं स्वप्न सख्खी भावंडं आहेत. भट्टीत तो सोट्याचा घाव येत नाही. पण गुत्त्यात तरी कुठे येतो?

आणखी एक. झोलाच्या प्रस्तावनेखाली तारीख आहे 1 जानेवारी 1877. लोक चिडले ते माझ्या शब्दांवर, मी कामगारांची बोली पुस्तकात आणली हाच माझा गुन्हा, असं तो तिथं म्हणतो. त्याच दिवशी, 1 जानेवारी 1877 ला, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिच्या भोंग्यावर ज्या वस्त्यांचा दिवस उजाडायचा, भट्टी हा शब्द त्या वस्त्यांच्या तोंडचा आहे. बोलीसाठी शिव्या खाल्लेल्या पुस्तकाचं नाव बोलीतून काढून प्रमाणभाषेत नेऊन बसवायचं, हे मला पटत नाही.

अनेकवचन भट्ट्या. सामान्यरूप भट्टी-, म्हणून भट्टीवर, भट्टीत. शीर्षक बदलू नका.