चौलचे बंदर आणि रोमची नाणी

प्रश्न : आमच्या चौल बंदरात रोमचा व्यापार चाले, असे आजोबा सांगत. एवढे बलाढ्य साम्राज्य बुडाले कसे? (एक वाचक, रेवदंडा)

उत्तर : आजोबांचे म्हणणे रास्त आहे, जुन्या ग्रीक लिखाणातील ‘सेमुल्ला’ म्हणजे चौलच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. २७ मध्ये रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस याने सत्ता एकहाती घेतली, तेव्हाचे रोमचे दिनार नाणे जवळजवळ शुद्ध चांदीचे होते. पुढे सैन्याचे पगार भागवण्यासाठी बादशहा नाण्यांत तांबे मिसळत गेले आणि इ.स. २७० च्या सुमारास रुपेरी मुलाम्याखाली शेकडा पाच भागही चांदी उरली नाही. माझ्या मते खरी कीड हीच. २३५ ते २८४ या काळात सैन्याने वीसहून अधिक बादशहा बसवले, उठवले. पुढे साम्राज्याचे पश्चिम आणि पूर्व असे दोन भाग झाले; ४७६ मध्ये पश्चिमेची, म्हणजे खुद्द रोमकडची, गादी गेली. पूर्वेची मात्र १४५३ पर्यंत टिकली.