वाचकांचे प्रश्न : समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि नाट्यविभागाची स्थापना

प्रश्न : समाजशास्त्राचे दीर्घकाळ अध्यापन करून पुढे विद्यापीठात नाट्यविभाग स्थापन करणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांवर मी गौरवग्रंथासाठी चरित्रलेख लिहीत आहे. त्यांनी समाजशास्त्राकडे पाठ फिरवली आणि ते नाटकात रमले, असे त्यांचे जुने सहकारी सांगतात. मला ते पटत नाही. परंतु या दोन टप्प्यांचा सांधा कसा दाखवावा, हेही उमगत नाही.

उत्तर : सहकाऱ्यांचे म्हणणे आपण जसेच्या तसे स्वीकारले नाही, हे उत्तम झाले. नाटकाला स्वतंत्र विद्यापीठीय विषय म्हणून जी मान्यता मिळाली, तिच्या मुळाशी असलेला युक्तिवाद बऱ्याच अंशी समाजशास्त्रीय आहे. नाटक म्हणजे केवळ संहिता असेल, तर ते शिकवायला भाषेचे विभाग पुरेसे आहेत. नव्या विभागाची गरज सिद्ध करायची, तर प्रयोग ही संहितेहून वेगळी आणि माणसांच्या एकत्र येण्यातून घडणारी गोष्ट आहे, हे आधी दाखवावे लागते.

बर्लिन विद्यापीठातील माक्स हेरमान यांनी नेमके हेच केले. ते मूळचे जर्मन साहित्याचे अभ्यासक. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी सोळाव्या शतकातील न्यूरेंबर्गच्या एका चर्चमधील रंगमंच कसा असेल, नट कोठून येत असतील, कोठे उभे राहत असतील, याची बारकाईने फेरमांडणी केली. रंगभूमी हा मुळात सर्वांनी सर्वांसाठी मांडलेला सामाजिक खेळ असून प्रेक्षक हा त्यातील सहखेळाडू असतो, अशी त्यांची भूमिका होती. १९२३ मध्ये बर्लिनला नाट्यविद्येची संस्था उभी राहिली ती त्यांच्या प्रयत्नांतून. ज्यू असल्यामुळे १९३३ साली नाझी राजवटीत त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९४२ मध्ये थेरेझीनश्टाटच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. साहित्याच्या या प्राध्यापकाला जो मुद्दा आपल्या विषयाबाहेर जाऊन शोधावा लागला, तो समाजशास्त्रज्ञाला घरचाच असतो.

समाजशास्त्राच्या बाजूनेही वाट झालेली होती. जॉर्ज गुर्विच यांनी १९५६ साली रंगभूमीच्या समाजशास्त्राचा एक आराखडा मांडला. प्रेक्षकवर्गाची घडण, प्रत्यक्ष प्रयोग, व्यावसायिक गट म्हणून नटमंडळी आणि नाटकाच्या आशयाचे समाजाशी असलेले नाते, ही त्यातील काही अभ्यासक्षेत्रे. आजही एखाद्या नव्या विभागाच्या अभ्यासमंडळासमोर ही यादी ठेवली, तर तिच्यातून दोन-तीन प्रश्नपत्रिका सहज निघतील. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ झाँ द्युव्हिन्यो यांनी १९६५ मध्ये नटाच्या सामाजिक स्थानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ट्युनिशियातील एका खेड्याचा विद्यार्थ्यांसह केलेला त्यांचा अभ्यासही प्रसिद्ध आहे. क्षेत्रकार्य करणारा आणि नटाविषयी लिहिणारा असे दोन द्युव्हिन्यो कोणी मानत नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. अशा लेखांत, रोजच्या वागण्याचे वर्णन रंगमंचाच्या रूपकातून करणारे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांचे नाव हमखास येते. उपाहारगृहात ग्राहकांपुढे अदबीने वावरणारा वाढपी स्वयंपाकघराचे दार ओलांडताच कसा बदलतो, याचे त्यांच्या ग्रंथात येणारे वर्णन लोभस आहे. पण रंगमंचाचे हे रूपक म्हणजे इमारत बांधण्यापुरती उभारलेली परांची आहे आणि ती पुढे उतरवायची असते, असे त्यांनीच त्या ग्रंथाच्या अखेरीस सांगून ठेवले आहे. म्हणून ‘जीवन हेच नाटक’ अशा वाक्याने सांधा जोडू नये. ते ऐकायला बरे वाटते, परंतु त्यातून आपल्या प्राध्यापकांविषयी काहीच कळत नाही.

त्यापेक्षा कागदपत्रांकडे वळावे. विभागाचा पहिला अभ्यासक्रम मिळवा आणि त्यात तासिकांची वाटणी लेखी व प्रात्यक्षिक अशी कशी केली होती, लोकनाट्याला कितवी जागा होती, विद्यार्थ्यांना गावोगाव पाहणीसाठी पाठवले जात होते का, हे तपासा. विद्यापरिषदेच्या इतिवृत्तांत तर खरे नाट्य सापडते : तालमीचे तास कार्यभारात धरायचे की नाहीत, सामूहिक प्रयोगात एकेका विद्यार्थ्याला गुण कसे द्यायचे, पदवी नसलेल्या रंगकर्मीला अध्यापक नेमता येईल काय. यातील शेवटचा प्रश्न संस्थापकाने कसा सोडवला, यावरून त्याची दृष्टी त्याच्या भाषणांपेक्षा अधिक कळते. समाजशास्त्राच्या वर्गासाठी त्याने पूर्वी दिलेल्या संदर्भसूच्या हाती लागल्या, तर त्याही शेजारी ठेवून वाचाव्यात.

प्रश्न : स्वतः नट किंवा दिग्दर्शक नसलेल्या व्यक्तीला नाट्यविभाग उभा करणे साधते काय?

उत्तर : साधते. मात्र विद्यापीठाकडून जागा, पैसा आणि अधिकार मिळवण्याची चिकाटी तिच्यापाशी हवी. हार्वर्डमध्ये नाट्यलेखनाचे वर्ग चालवणारे जॉर्ज पिअर्स बेकर हे इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि यूजीन ओ’नील त्यांचे विद्यार्थी. तरीही हार्वर्डने त्यांना नाटकाची पदवी सुरू करू दिली नाही. एडवर्ड हार्कनेस यांनी दहा लाख डॉलरची देणगी दिल्यावर येल विद्यापीठात नाट्यविभाग निघाला आणि बेकर १९२५ मध्ये तिकडे गेले. तो विभाग तेथे ललित कला विद्यालयात होता. विभाग कोणत्या विद्याशाखेत ठेवला जातो, यावर त्याचे पुढचे बरेच काही ठरते. आपल्या लेखात तेवढा तपशील अवश्य द्यावा.

ब्रिटनमधील पहिला विद्यापीठीय नाट्यविभाग १९४७ साली ब्रिस्टल येथे सुरू झाला. त्याच्या तालमी आणि प्रयोगांसाठी एका स्क्वॉश कोर्टाचे रूपांतर करून छोटे नाट्यदालन सिद्ध करण्यात आले. असे दालन पदरात पाडून घेणे, विजेची जोडणी करून घेणे आणि रात्री उशिरापर्यंत त्याची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती राहील अशी परवानगी मिळवणे, ही सारी संस्थापकाची कामे आहेत, आणि त्यांसाठी अभिनय यावा लागत नाही. आपल्या प्राध्यापकांनी पहिल्या वर्षी तालमी कोठे घेतल्या, हे त्यांच्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थ्यांना विचारावे.